आधी नाटकाचं तिकीट, मग लंडन

बर्मिंगहॅमला शिकताना एका शनिवारात लंडन फिरून, नाटक बघून त्याच रात्री परत यायची पद्धत आता माझ्या हातात बसली आहे. सांगली-मिरजेकडून इकडे शिकायला येणाऱ्यांसाठी ती नीट लिहून ठेवते. बहुतेक जण आधी बघायची ठिकाणं ठरवतात आणि 'वेळ उरला तर नाटक' म्हणतात. वेळ उरत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक रंगवलं, तिथल्या माणसानं तरी आखणी उलटी करावी. आधी नाटकाचं तिकीट काढायचं, त्यावरून गाडीची वेळ ठरवायची आणि मधे उरेल त्यात शहर बघायचं.

प्रयोग दुपारचा घ्या. रात्रीचा प्रयोग साडेसातच्या सुमाराला सुरू होतो, सुटायला दहा-साडेदहा होतात आणि मग परतीच्या शेवटच्या गाड्यांची धास्ती लागते. दुपारी २ चा प्रयोग साधारण पाचला सुटतो. रेल्वेचं 'अ‍ॅडव्हान्स' तिकीट स्वस्त पडतं, पण ते त्याच गाडीपुरतं असतं. ती चुकली की नवं तिकीट. म्हणून परतीची गाडी नाटक सुटल्यावर किमान अडीच तासांनी ठेवा. १६ ते २५ वयाच्या रेलकार्डावर एक तृतीयांश सवलत मिळते. वय २५ च्या पुढे असलं तरी पूर्णवेळ विद्यार्थ्याला ते काढता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं.

नाट्यगृहं लंडनमध्ये ढीगभर आहेत. स्वस्त तिकिटं बहुधा वरच्या बाल्कनीत असतात आणि 'रिस्ट्रिक्टेड व्ह्यू' लिहिलेलं असेल तर समोर खांब किंवा कठडा येणार हे समजून घ्या. माझं मत विचाराल तर पहिलं नाटक थेम्सच्या दक्षिण काठावरच्या 'शेक्सपिअर्स ग्लोब'मध्ये, तेही उभं राहून बघा. रंगमंचासमोरच्या उघड्या अंगणात सुमारे ७०० माणसं उभी राहतात आणि त्याचं तिकीट अगदी स्वस्त असतं. नट हाताच्या अंतरावर, कधी तर प्रेक्षकांतूनच वाट काढत येतात. बसल्या जागेवरून हे अनुभवायला मिळत नाही.

ही इमारत १९९७ साली उघडली, जुन्या जागेच्या जवळच. शेक्सपिअरची नाटकं ज्यात झाली ते मूळचं ग्लोब १५९९ चं. १६१३ मध्ये 'आठवा हेन्री'च्या प्रयोगात तोफेचा बार काढला, त्याची ठिणगी गवताच्या छपरात गेली आणि थिएटर जळालं. आजही छप्पर गवताचंच आहे, पण त्यावर पाणी फवारायची सोय केलेली आहे. मधलं अंगण उघडं असल्यामुळे इथले प्रयोग मुख्यतः उन्हाळ्यात, साधारण मे ते ऑक्टोबर. हिवाळ्यात त्याच आवारातल्या छोट्या बंदिस्त नाट्यगृहात मेणबत्त्यांच्या उजेडात प्रयोग होतात, तिथलं तिकीट मात्र लवकर काढावं लागतं.

अंगणात छत्री उघडू देत नाहीत, कारण मागच्याचं दिसणं बंद होतं. पाऊस आला तरी प्रयोग चालू राहतो, तेव्हा टोपीचा रेनकोट पिशवीत हवाच. प्रयोग चालू असताना खाली बसता येत नाही. अडीच-तीन तास उभं राहायचं असल्यानं बूट जुने, पायाला सरावलेले घाला. दुपारी ऊन थेट डोक्यावर येतं, पाणी न पिता उभे राहिलेल्यांना चक्कर येते. जागेला नंबर नसतो, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी रांगेत लागा. उंच असाल तर रंगमंचाला कोपर टेकता येईल अशी पुढची जागा धरा. ठेंगण्यांची मान तिथे अवघडते, त्यांनी मागच्या भिंतीला पाठ टेकावी. रंगमंचावरचे दोन जाड खांब मात्र दोघांनीही टाळावेत.

भाषेची तयारी घरून करा. शेक्सपिअरचं इंग्रजी झरझर बोललेलं पहिल्यांदा कानात शिरत नाही. ऑथेल्लो असेल तर आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचं मराठीत केलेलं 'झुंझारराव' वाचून जा, कोण कुणाचा घात करतोय याचा गोंधळ होत नाही. काही प्रयोगांना पडद्यावर संवाद लिहून येतात. वेळापत्रकात 'कॅप्शन्ड' असं बघून निवडा.

आता सकाळ. लंडनच्या युस्टन स्टेशनला दहापर्यंत उतरा. तिथून भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइननं चेरिंग क्रॉस. या लाइनला युस्टनहून दोन फाटे आहेत, 'बँक' स्टेशनवरून जाणाऱ्या गाडीत बसलात तर भलतीकडे जाल, पाटीवर 'व्हाया चेरिंग क्रॉस' वाचूनच चढा. स्टेशनच्या फाटकावर आत जाताना टेकवलेलं बँकेचं कार्डच बाहेर पडतानाही टेकवा. आत फोन आणि बाहेर कार्ड असं केलंत तर यंत्राला दोन अर्धवट प्रवास दिसतात आणि दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं.

ट्रॅफल्गार चौकातून व्हाइटहॉलनं सरळ खाली चाललं की अकराचे टोले ऐकायला बिग बेनपाशी पोहोचता. वेस्टमिन्स्टर पूल ओलांडा आणि नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहा: लंडन आयचा पाळणा, वॉटर्लू पुलाखालचा जुन्या पुस्तकांचा बाजार, नॅशनल थिएटर, मग टेट मॉडर्न हे कलादालन. सांगलीहून हरिपूरपर्यंत चालत जाणाऱ्याला हे अंतर जड नाही. डबा काठावरच्या बाकावर खा. पोळीची गुंडाळी आणि सुकी बटाट्याची भाजी दुपारपर्यंत छान टिकते. टेट मॉडर्नला प्रवेश फुकट आहे आणि स्वच्छतागृहही, रांगेत लागण्याआधी जाऊन या. तिथून ग्लोब चार पावलांवर.

नाटक सुटल्यावर मिलेनियम पुलावरून पलीकडे सेंट पॉल्स कॅथेड्रल. आत सोडण्याची वेळ तोवर संपलेली असते, पण पुलाच्या मध्यावरून तो घुमट समोर दिसतो तेवढं पुरे. सेंट्रल लाइननं टॉटनहॅम कोर्ट रोड, तिथे बदलून युस्टन. फलाटाचा नंबर तिथे अगदी आयत्या वेळी लागतो, पाटीखालीच उभे राहा. उन्हाळ्यात सांगली साडेचार तास पुढे असते. पुलावरून पाच वाजता फोन लावलात तर घरी साडेनऊ झालेले असतात, आणि सगळे जागे असतात.