27 नंबरवाला कोच

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये एडी जॉर्ज कोण, हे कुणाला सांगावं लागत नाही. इथल्या टायटन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, 27 नंबर. 2000 च्या जानेवारीतला सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा सामना, एका यार्डाने हुकला, ती सल इथे अजून आहे. त्या सामन्यातले आपले दोन्ही टचडाउन त्याचेच.

2021 मध्ये टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीने (टीएसयू) त्याला मुख्य कोच केलं, तेव्हा आमच्या ऑफिसात दोन तट पडले. एक म्हणे, आता तिकिटं खपतील. दुसरा म्हणे, नुसती तिकिटंच खपतील! कारण गड्याने एमबीए केलं होतं, ब्रॉडवेच्या संगीत नाटकात कामही केलं होतं, पण कोचिंग कधीच नाही.

मला त्याचा सुरुवातीचाच एक निर्णय पटला होता. आक्रमणाची सूत्रं त्याने ह्यू जॅक्सनकडे दिली. हा माणूस एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दोन संघांचा मुख्य कोच होता. (त्यातल्या ब्राउन्सकडे 40 सामन्यांत 3 विजय, ते सोडा.) नावाची धुंदी चढलेला खेळाडू आपल्याहून जास्त जाणणारा माणूस शेजारी उभा करत नाही.

निकाल मात्र रखडतच आले. 5 विजय, 6 पराभव. मग 4-7. मग 6-5. होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक सोहळ्याच्या सामन्याला, निसान स्टेडियममध्ये गेलो होतो. खरं सांगायचं तर अर्धी गर्दी विद्यापीठाच्या बँडसाठी येते, ग्रॅमी मिळवलेला बँड आहे तो. हाफटाइमला कोणी जागचं हलत नाही, खायच्या स्टॉलवर तेव्हाच रांग नसते. माझ्या शेजारच्या काकांनी टायटन्सची जुनी 27 नंबरची जर्सी घातली होती, आकडा पार तडकलेला, आणि डोक्यावर टीएसयूची नवीकोरी टोपी. प्रत्येक तिसऱ्या डाउनला (चेंडू पुढे नेण्याच्या तिसऱ्या प्रयत्नाला) ते ‘रन इट, एडी!’ ओरडायचे, जणू चेंडू अजून त्याच्याच हातात आहे.

2024 मध्ये एकदाचं जमलं. 9-4, परिषदेचं (विद्यापीठांच्या गटाचं) संयुक्त विजेतेपद, 2013 नंतर पहिल्यांदा प्लेऑफ. तिथे मोंटाना विद्यापीठाने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, पण कुणाची तक्रार नव्हती.

2025 च्या मार्चमध्ये तो ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाचा कोच म्हणून गेला. काका चिडले असणार. मला विशेष वाटलं नाही. ज्या ओहायोत खेळून 1995 ला हाइझमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी, मिळवली, तिथून बोलावणं आल्यावर कोण नाही म्हणेल? शिवाय वरच्या श्रेणीतला संघ. पहिला मोसम 4-8 गेला. आकडे आमच्या ओळखीचेच आहेत. आम्ही चार वर्षं दम धरला, तिथले लोक किती धरतात ते बघायचं.