गेनांट

पुण्यात बसून मी जर्मन चर्चची जुनी दप्तरं वाचते: जन्म, लग्न, मृत्यू. गिऱ्हाईक बहुतेक अमेरिकेतलं, आपले जर्मन पूर्वज शोधणारं. दिवसात तीन-चार नोंदी लागल्या तर दिवस बरा, कारण लिपी कुरेंट, जर्मनांची जुनी हाताने लिहायची लिपी. आपल्या मोडीची चुलत बहीण शोभेल. 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखेच, 'यू' ओळखायचा तो डोक्यावरच्या कोरीवरून.

गेल्या महिन्यात ओहायोच्या एका बाईंचं काम आलं. आडनाव मायर. हे आडनाव आलं की माझ्या पोटात गोळा येतो. मायर म्हणजे मुळात जमीनदाराच्या किंवा मठाच्या जमिनीचा कारभारी, लॅटिन 'मायोर'वरून. आपल्या पाटील-कुलकर्ण्यांसारखं हुद्द्याचं नाव. असे कारभारी गावोगाव, म्हणून सगळी स्पेलिंगं एकत्र धरली तर हे नाव जर्मनीत पहिल्या पाचांत बसतं. उत्तरेत बहुधा 'ई-वाय', दक्षिणेत 'ए-आय' नाहीतर 'ए-वाय'. देवनागरीत सगळे एकाच माळेचे मणी. कित्येक ज्यू मायरांचं मूळ तर हिब्रू 'मेईर', म्हणजे प्रकाश देणारा. 1876 मध्ये देशभर सरकारी नोंदणी आली, त्याआधी पाद्रीबुवांच्या कानाला येईल ते स्पेलिंग. आणि इंटरनेटवर 'मायर घराण्याचं राजचिन्ह' चौकटीत घालून विकणारे महाभाग आहेतच. कुठल्या मायरांचं, हे विचारायचं नाही.

बाईंचा पूर्वज वेस्टफालियातल्या राव्हेन्सबर्ग भागातला. लग्नाची नोंद हाताशी होती, जन्माची मात्र वीस वर्षं शोधूनही सापडत नव्हती.

लग्नाचं पान मोठं करून पाहिलं. 'मायर'च्या आधी आणखी एक नाव, आणि दोहोंमध्ये शेपटीवाला किडा. शाईचा डाग समजून कुणीही सोडून देईल, सूची करणाऱ्यांनी सोडलाच होता. तो किडा म्हणजे 'जी-टी', गेनांट, 'म्हणतात' अशा अर्थाचा. ब्रिंकमान, ज्याला मायर म्हणतात.

त्या मुलखात नाव माणसाचं नव्हतं, शेतवाड्याचं होतं. वाड्याची वारस मुलगी असली की लग्न करून येणारा वाड्याचं नाव लावायचा. घरजावई, आणि वर नावही सासरचं! ब्रिंक म्हणजे गावाच्या कडेचं गवताळ रान, तिथे तुटपुंज्या जमिनीवाले राहत. म्हणजे कडेच्या घरातलं पोर मोठ्या वाड्यावर आलं असावं. मायर होती ती नवरी. ब्रिंकमान नावाने शोधलं तर जन्म दहा मिनिटांत मिळाला.

खरी अडचण पुढे. इंग्रजीत गेनांटला काय म्हणायचं? 'एलियस' लिहिलं की माणूस पोलिसांच्या यादीतला वाटतो. मूळ शब्द तसाच ठेवला आणि खाली अर्धं पान टीप लिहिली. माझ्या मते त्या कामातला सगळ्यात चांगला भाग तोच. एजन्सीतल्या समन्वयकाने टीप उडवली. गिऱ्हाइकाने एका पानाचे पैसे दिलेत, म्हणे. जर्मनचा एक शब्द येत नाही त्याला, पण पानं मोजता येतात.

तीन दिवसांनी बाईंची मेल आली. फार आनंदात होत्या. येत्या कुटुंबमेळाव्याच्या टीशर्टवर पूर्वजाचं पूर्ण नाव छापणार आहेत, फक्त एक खात्री हवी होती: 'गेनांट' हे त्यांचं मधलं नाव ना?