हॉर्सहेडसाठी लागणारा वेळ

मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आपल्याकडे लहान मुलेही ओळखतात. त्यांपैकी सर्वांत पूर्वेकडचा तारा म्हणजे अल्निटॅक आणि त्याच्या दक्षिणेला सुमारे अर्ध्या अंशावर हॉर्सहेड, म्हणजे घोड्याच्या डोक्यासारखा दिसणारा धुळीचा कृष्णमेघ आहे. मंद तेजोमेघांची छायाचित्रे घेण्याचा छंद जडल्यापासून मी दर हिवाळ्यात त्याच्याकडे वळतो, कारण या छायाचित्रणाचे मर्म त्याच्याइतके स्पष्टपणे दुसरा कोणताही मेघ शिकवत नाही, असे माझे मत आहे.

न दिसणारी वस्तू लहान असणार आणि म्हणून मोठी दुर्बीण हवी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात हॉर्सहेडची लांबी सुमारे ८ कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाच्या पावपट आहे, आणि गुरूच्या मोठ्यात मोठ्या बिंबापेक्षा ती नऊपटींहून अधिक भरते. अडचण आकाराची नाही, प्रकाशाची आहे. घोड्याचे डोके म्हणजे अपारदर्शक धूळ असून त्यामागे आयसी ४३४ हा हायड्रोजनचा पडदा सिग्मा ओरायनिस या ताऱ्याच्या अतिनील किरणांमुळे ६५६.३ नॅनोमीटरच्या गडद लाल रंगात मंदपणे उजळतो. पडदा टिपला गेला तरच डोके उमटते. मात्र काळोखाला सरावलेला आपला डोळा नेमक्या याच लाल रंगाला जवळजवळ आंधळा असतो.

त्यामुळेच हा मेघ प्रथम सापडला तो छायाचित्रात. १८८८ साली हार्वर्ड वेधशाळेत घेतलेल्या काचपट्टीवर विल्यमिना फ्लेमिंग यांनी तो ओळखला. पुढे खगोलशास्त्रज्ञ ड्रायर यांच्या तेजोमेघांच्या सूचीत श्रेय हार्वर्डच्याच पिकरिंग यांच्या नावावर गेले, याचे मला आजही वाईट वाटते. ज्या नजरेने त्या पट्टीवरची ती खाच हेरली, त्या नजरेचे नाव सूचीत असायलाच हवे होते.

साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यातील सेन्सरपुढचा फिल्टर हा लाल प्रकाश बराचसा अडवतो, म्हणून तो काढून बदललेला कॅमेरा वापरणे श्रेयस्कर. त्यानंतर खरा प्रश्न उरतो वेळेचा. काही मिनिटांची अनेक एक्सपोजर घेऊन त्यांचे स्टॅकिंग केले, म्हणजे ती एकावर एक रचून एकत्र केली, की प्रकाश वेळेच्या प्रमाणात साठतो, पण नॉइज, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढतो. म्हणजे एका तासाच्या चित्रापेक्षा दुप्पट स्वच्छ चित्र हवे असेल तर चार तास आणि चौपट स्वच्छ हवे असेल तर सोळा तास द्यावे लागतात. महाराष्ट्रातून मृग एका रात्रीत साधारण साडेसात तास क्षितिजापासून ३० अंशांच्या वर राहतो, आणि हे सारे तास अंधारात मिळतात ते डिसेंबर-जानेवारीच्या अमावस्येच्या आसपास. मुंबईहून पूर्वेकडे सह्याद्रीच्या पायथ्याशी गेल्यास शहराचा उजेड पश्चिमेला राहतो, त्यामुळे मृग पूर्वेकडून चढत असतानाचे तास सर्वांत मोलाचे. मात्र आपल्याकडे ध्रुवतारा जेमतेम १९ अंशांवर, धुरकटात असतो, तेव्हा उत्तरेला डोंगर नसलेली जागाच निवडावी, नाहीतर पोलर अलाइनमेंट, म्हणजे ध्रुवतारा पाहून कॅमेऱ्याच्या फिरत्या बैठकीचा अक्ष जुळवणे, कठीण होते.

शहरातूनही प्रयत्न करता येतो. सोडियमच्या दिव्यांचा पिवळा प्रकाश फिल्टरने वेगळा काढणे सोपे होते, पण पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असल्याने आता हायड्रोजनचा तोच लाल रंग तेवढा जाऊ देणारा, काही नॅनोमीटर रुंदीचा हायड्रोजन-अल्फा फिल्टरच उपयोगी पडतो. रंगीत सेन्सरमध्ये या रंगासाठी एक चतुर्थांश पिक्सेलच कामाला येतात, म्हणून मोनोक्रोम (कृष्णधवल) कॅमेरा येथे सरस ठरतो.

प्रक्रिया करताना मी नॉइज कमी करणारी साधने जपून वापरतो. साठलेल्या प्रकाशात नसलेले धागे ती पडद्यावर सहज विणतात, आणि ते तेजोमेघाचे नसतात. यंदा अल्निटॅकसाठी काही सेकंदांची छोटी एक्सपोजर वेगळी घेण्याचा विचार आहे. त्याच्या झगमगाटात शेजारचा फ्लेम तेजोमेघ अर्धा धुऊन निघतो, आणि दोन्ही संच जोडल्यास त्यातील धुळीच्या काळ्या फांद्या ताऱ्याच्या अगदी जवळपर्यंत दिसाव्यात, अशी माझी अपेक्षा आहे.