सहलीच्या परवानगीत अडकलेला भरतीचा आकडा

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीतील मुलांना ओहोटीच्या वेळी उत्तनच्या किनाऱ्यावर नेऊन खडकांमधले जीव दाखवायचे, असे आम्ही हिवाळ्यात ठरवले. बस, पालकांची संमतीपत्रे, गावातल्या ओळखीच्या मच्छीमारांशी बोलणे, ही कामे विनासायास झाली. घोडे अडले ते एका कार्यालयात, जिथे गटाने किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी मागायची होती. अर्जासोबत जोडायच्या कागदांत ‘समुद्रस्थितीचा दाखला’ होता आणि तो सहलीच्या तारखेचाच हवा होता. अर्ज मात्र महिनाभर आधी द्यायचा होता.

ही अट लिहिताना भरती आणि लाट यांतला फरक कुणी लक्षात घेतला नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भरती-ओहोटी हे चंद्र-सूर्याच्या स्थितीवरून मांडलेले गणित असते, म्हणूनच भारतीय सर्वेक्षण विभाग संपूर्ण वर्षाच्या वेळा आधीच छापू शकतो. लाटा वाऱ्यावर अवलंबून असतात, शिवाय दूरच्या वादळातून निघालेल्या लाटा आपल्याकडे वारा पडलेला असतानाही येऊन पोचतात. त्यामुळे हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे सागरी माहिती देणारे केंद्र लाटांचा अंदाज पुढच्या थोड्या दिवसांपुरताच देते. महिन्याभरानंतरच्या सकाळी लाटा किती असतील, याचा दाखला कोणतीही संस्था देऊ शकत नाही.

तरीही मी भरतीच्या तक्त्याचे पान जोडले, आणि खरा गुंता तिथेच झाला. खिडकीवरच्या गृहस्थांनी त्या दिवसाच्या ४.३ मीटर या आकड्याभोवती लाल गोल काढला आणि म्हणाले, “मॅडम, सव्वाचार मीटरच्या लाटांत मुलांना न्यायची जबाबदारी कोण घेणार?” मी सांगितले की ही लाटेची उंची नव्हे. समुद्राची पातळी मोजण्यासाठी एक खालची आधारपातळी ठरवलेली असते आणि दुपारच्या भरतीला पाणी तिच्यापासून एवढे वर चढेल, इतकाच त्याचा अर्थ आहे; आम्ही तर सकाळच्या ओहोटीला जाणार आहोत. त्यांनी अर्ज परत केला. पुढच्या खेपेला दुसऱ्या टेबलावर तोच आकडा, तीच शंका आणि तेच उत्तर झाले. पावसाळ्यात ‘साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’ अशी बातमी दर वर्षी छापून येते, तीही बहुतेक वेळा भरतीच्याच आकड्यावरून. त्यामुळे एकट्या त्या कर्मचाऱ्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. पण ज्या कार्यालयाचे कामच किनाऱ्याशी आहे, तिथे हा गोंधळ इतका काळ टिकावा याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

शेवटी मी वरिष्ठांना लेखी पत्र दिले: भरतीचा तक्ता आत्ता जोडते, लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज आदल्या संध्याकाळी सादर करते, आणि उंच लाटांचा इशारा असल्यास सहल रद्द करते. त्यांनी ते नीट वाचले आणि त्याच अटींवर परवानगी दिली. त्या सहीने वाटलेले समाधान मी लपवणार नाही. आपल्यावर अशी वेळ आली, तर हे तीन मुद्द्यांचे पत्र पहिल्याच अर्जासोबत द्यावे आणि पोच घ्यावी.

तारीख निवडताना कोळी बांधवांचा जुना हिशेब फार उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते: तृतीयेला सव्वादोनच्या सुमारास भरती, म्हणजे त्याआधी सव्वासहा तास, सकाळी आठच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला उधाण असल्यामुळे ओहोटीला पाणीही खूप मागे हटते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी, असताना खडक पुरेसे उघडेच पडत नाहीत. अंतिम वेळ मात्र तक्त्यावरूनच घ्यावी. तक्ता मुंबईच्या अपोलो बंदराचा आहे याचेही भान ठेवावे, कारण ठाण्याच्या खाडीत आतवर भरती त्याहून उशिरा पोचते.

आदल्या संध्याकाळचा अंदाज पाहताना लाटेच्या उंचीवर थांबू नये. तिथे दिलेली उंची सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, म्हणजे एखादी लाट त्याहून बरीच मोठी येऊ शकते. दोन लाटांमधले सेकंदही पाहावेत. अंतर पंधरा सेकंदांच्या वर असेल तर उंची कमी दिसली तरी अशी लाट खडकांवर दूरवर चढते. दुपारी खारे वारे वाढून पाणी खवळते, म्हणूनही सकाळच बरी.

परतण्याविषयीची सूचना आमच्या अर्जात होती, इथे मात्र सांगायची राहिली होती. ओहोटीची तक्त्यातली वेळ झाली की मुलांना लगेच किनाऱ्याकडे वळवावे. पाणी पहिल्या तासात हळू चढते, पण तिसऱ्या-चौथ्या तासांत सर्वांत वेगाने आत येते आणि खडकांमागचे खोलगट भाग आधी भरून परतीची वाट तोडते.