पितो तो, मिटिंगला मी का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. जाऊबाईंनी विचारलं, अंगणवाडीत पोरांना सोडायला येणाऱ्या आयांनी विचारलं, गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी तर भर पंगतीत विचारलं: "पिता तो, मगे मिटिंगेक तू कित्याक जातंस?"

जाते म्हणजे सड्यावर जाते, वाडीच्या वरच्या कातळी माळावर. खाली वाडीत रेंज नाही. चिरेखाणीच्या कडेला बसून फोनवरून मुंबईतल्या बायकांच्या अल-अनॉनच्या मिटिंगला जोडून घेते, पाऊस असला तर छत्री खांद्यावर टेकवून. संध्याकाळची एकटी सड्यावर जाऊन ही कोणाशी बोलते, हेही माझ्या कानावर आलंय. दारू सोडू पाहणाऱ्यांची ती ए.ए., म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली. नवरे मिटिंगला बसायचे आणि बायका बाहेर खोळंबायच्या. त्या बायकांचंही काही दुखतंय हे ओळखून १९५१ मध्ये अल-अनॉन उभं राहिलं. फी नाही. आडनाव सांगायचं नाही. कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही. सल्ल्यांवरच इतकी वर्षं काढलेल्या बाईला हे काय वाटलं असेल, ते तुम्हाला सांगून कळणार नाही.

पण तुम्हाला खरं कारण हवंय. ते त्या जूनमधलं.

मासेमारी बंद होती. १ जून ते ३१ जुलै होड्या किनाऱ्यावर, आणि आमच्या घरात सकाळपासून बाटली. गोव्याची, स्वस्तातली. सासूबाईंनी ह्यांना, माझ्या नवऱ्याला, रवळनाथाच्या देवळात नेलं, गाऱ्हाणं घातलं, शब्द घेतला. आणि त्यांनी तो पाळला. हे कोणी मानत नाही म्हणून पुन्हा लिहिते, पाळला. त्या दिवसापासून एक घोट नाही. पहिल्या संध्याकाळी हात असे कापत होते की चहा कपात कमी आणि बशीत जास्त. अंगाला घामाच्या धारा. सासूबाई म्हणाल्या, वीख बाहेर पडता हा. दुसऱ्या रात्री स्वयंपाकघराच्या दारात ते ताठ झाले आणि कोसळले. दातखीळ, तोंडाला फेस. उजाडेपर्यंत अंगणात घाडी, भूतबाधा उतरवणारा, येऊन बसला होता, पुढ्यात नारळ, पायाशी कोंबडा. आणि हे आत गोधडीवरून काहीतरी वेचून फेकत होते. "कुर्ल्ये चढतत गो, काढ, काढ." खेकडा एकही नव्हता, गोधडी स्वच्छ होती. मी पाहिली, हाताने झाडली, तरी ते वेचतच होते.

देवस्की, म्हणजे घाडीचे ते विधी, होईपर्यंत हलवायचं नाही, असं ठरलं होतं. मी कोणाला विचारलं नाही. शेजारच्या पोराची रिक्षा दाराशी आणली, त्याच्या मदतीने ह्यांना आत बसवलं आणि निघाले.

डॉक्टर म्हणाले, रोज एवढी पिणाऱ्याने एका झटक्यात बंद केली तर फिट येते, भास होतात, माणूस दगावतोसुद्धा. सोडायची तर दवाखान्यात, औषधाखाली. एवढी साधी गोष्ट, पण वाडीत कोणाला ठाऊक नव्हती. निदान हे वाचून तरी कोणी घरच्या घरी शपथेवर दारू तोडू नका. आधी डॉक्टर, मग देव.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात सासूबाई मला म्हणाल्या, "घरातल्याच कोणीतरी शब्द मोडल्यान. तू त्याका काय दिलंस?"

नर्सने ते ऐकलं असावं. केसपेपरच्या मागे तिने दोन नंबर लिहून दिले. "हा त्यांच्यासाठी, हा तुमच्यासाठी." मी म्हटलं, माझ्यासाठी कशाला? पिते का मी? म्हणजे तुमचा प्रश्न मी तुमच्याआधी विचारलाय, तोही रागाने. तो कागद कित्येक महिने तांदळाच्या डब्याखाली पडून होता.

ते त्यांच्या मिटिंगला काही दिवस एस्टीने गेले, मग सुटलं. मध्ये थांबतात, पुन्हा पितात. मग तुझ्या जाण्याचा उपयोग काय, असं तुम्ही म्हणणार. मी आता माडाच्या आळ्यात बाटल्या शोधत नाही. ते आले की तोंडाचा वास घेत नाही. होडीमालकाचा फोन आला की ताप आलाय म्हणत नाही, फोन त्यांच्याच हातात देते. जाऊबाई ह्याला दगडाचं काळीज म्हणतात. पूर्वीची मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि अजून काही रात्री म्हणते.

मिटिंगमध्ये सांगतात: हे तू आणलेलं नाहीस, तुला ते आवरता येणार नाही, बरंही करता येणार नाही. पहिलं ऐकून मी सड्यावर मोकळेपणी रडले. शेवटचं मला अजून पटलेलं नाही. माझ्या हातात काही नाही, तर त्या सकाळी रिक्षा कोणी आणली? हे मी मिटिंगमध्ये तसंच बोलले, आवाज चढवून. तिकडून कोणी समजूत घातली नाही, वाद घातला नाही. धन्यवाद म्हणाल्या आणि पुढची बाई बोलू लागली. मला राग आला होता. पुढच्या आठवड्यात तरीही चढले.

सोडून का देत नाहीस, हा तुमचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. घरात, वाडीत, माहेरी सगळ्यांना ते आजच हवंय. त्या बायकांनी अजून एकदाही मागितलेलं नाही.