सॉल्ट प्रिंटला दाट निगेटिव्हच लागते

सॉल्ट प्रिंट म्हणजे मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर निगेटिव्ह दाबून थेट उन्हात छापलेला फोटो. ती मळकट आणि सपाट आली की दोष आधी रसायनांवर जातो. खरी गडबड बहुतेक वेळा निगेटिव्हमध्ये असते. ब्रोमाइड कागदावर, म्हणजे डार्करूमच्या नेहमीच्या फोटो-कागदावर, सहज उतरणाऱ्या निगेटिव्हची डेन्सिटी रेंज (सर्वांत दाट आणि सर्वांत पातळ भागातला फरक) साधारण १.० ते १.१ असते. इथे ती १.८ च्या आसपास लागते. त्यामुळे ४×५ इंची फिल्मची शीट नेहमीच्या वेळेच्या दीडपट, प्रसंगी पावणेदोनपट डेव्हलप करा. काळारामाच्या देवळाचा काळा दगड आणि मागे उघडं आकाश, हा विषय या पद्धतीला फार मानवतो. दगडातल्या नक्षीसाठी एक्स्पोजर सढळ हाताने द्यायचं. छापताना उन्हात सावल्यांच्या जागी चांदी आधी सुटते आणि पुढचा उजेड तीच अडवते, म्हणून उजळ भाग भरेपर्यंत सावल्या गच्च होत नाहीत.

कागद शंभर टक्के सुती घ्या, पण त्यात खडूचं बफर नको. १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये २० ग्रॅम मीठ आणि ८ ग्रॅम जिलेटिन घ्या. जिलेटिन आधी गार पाण्यात फुगवून मग कोमट करून विरघळवा. मीठ आयोडीनविरहित असावं. कागद २-३ मिनिटं बुडवून टांगा, आणि पेन्सिलीने वरच्या बाजूची खूण करा.

मिठाचा कागद वाळला की त्यावर सिल्व्हर नायट्रेट १२ टक्के, म्हणजे १०० मिलीत १२ ग्रॅम. ४×५ ला ब्रशने साधारण १ मिली पुरतं. ब्रशला धातूची पट्टी नको, तिच्यामुळे काळे ठिपके येतात. मीठ वाढवलं तर प्रिंट गडद होईल असं वाटतं, पण होतं उलटं. चांदी मिठातल्या क्लोराइडपेक्षा जास्त असेल तरच कागद झपाट्याने काळवंडतो. ही पद्धत शोधणाऱ्या इंग्रज टॅल्बटला १८३० च्या दशकात हेच सापडलं, आणि जास्त मिठाने कागद मंद होतो म्हणून तो प्रिंट टिकवायलाही मीठच वापरत असे. हातमोजे आणि गॉगल घातल्याशिवाय बाटली उघडू नका. सिल्व्हर नायट्रेटने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

नाशिकमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा या कामाला उत्तम. पावसाळ्यात कागद आतून दमट राहतो. मग तो फिल्मला चिकटतो आणि निगेटिव्हवर न जाणारे तपकिरी डाग पडतात. कोटिंग अंधारात पूर्ण वाळवा आणि कागद व निगेटिव्हच्या मध्ये पातळ पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म घाला. कोट केलेला कागद त्याच दिवशी वापरा, उद्यावर टाकला की पांढरा भाग पिवळसर होतो.

कागद आणि निगेटिव्ह दाबून धरणाऱ्या फ्रेमचं मागचं झाकण अर्धं उघडून प्रिंट बघता यायला हवी. नुसत्या मिनिटांवर विसंबू नका. उजळ भाग हवे त्यापेक्षा स्पष्टपणे गडद दिसेपर्यंत थांबा, कारण पुढे बरंच उडतं. निगेटिव्ह थोडी पातळ असेल तर फ्रेम थेट उन्हाऐवजी मोकळ्या सावलीत ठेवा. वेळ खूप वाढतो, पण कॉन्ट्रास्टही वाढतो.

पहिलं धुणं चिमूटभर लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) घातलेल्या पाण्यात. पाणी दुधासारखं होतं, ते कागदातून सुटलेल्या जादा चांदीमुळे. दूध दिसेनासं होईपर्यंत पाणी बदला. नंतर साधा हायपो (सोडियम थायोसल्फेट, प्रिंट पक्की करणारं फिक्सर) १० टक्के, लिटरला २ ग्रॅम धुण्याचा सोडा, ४-४ मिनिटांचे दोन ट्रे. रॅपिड किंवा ॲसिड फिक्सर वापरलात तर उजळ भागातला तपशील धुऊन जातो. फिक्सिंग कमी पडलं तर प्रिंट पुढे पिवळी पडते. मग १ टक्का सोडियम सल्फाइटमध्ये ३ मिनिटं, आणि वाहत्या पाण्यात अर्धा तास.

हायपोत जाताच जांभळट रंग तांबूस होतो आणि प्रिंट फिकी पडते. ती बिघडलेली नाही, वाळली की बरीच गडद होते. एक्स्पोजर कमी पडलं का, हे ओल्या प्रिंटवरून ठरवू नका.