लाइन फॉलोअर, आवृत्ती तिसरी: एल२९८एनला निरोप

आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोरांचा लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरची काळी पट्टी ओळखून तिच्यावरून चालणारा रोबो, आता काटकोनी वळण न चुकता घेतो. सरळ पट्टीवर जरा डुलतो, पण पट्टी सोडत नाही. आंतरशालेय स्पर्धेपुरतं एवढं चालून जावं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरींना वीज पुरवणारा सर्किट बोर्ड, बदलल्यानं. एल२९८एन स्वस्त, कुठंही मिळतो, म्हणून सगळे तोच लावतात. पण आतले ट्रान्झिस्टर जुन्या धाटणीचे बायपोलर. दोनेक व्होल्ट तोच खातो आणि वर तापतो. १८६५० जातीच्या दोन लिथियम सेलचे ७.४ व्होल्ट, त्यातून हे वजा झाले की पिवळ्या बीओ मोटरी (प्लॅस्टिक गिअरच्या स्वस्त मोटरी) कमी वेगाला नुसत्याच कुंथतात. आता लावलेल्या टीबी६६१२एफएनजी ड्रायव्हरात मॉस्फेट, म्हणजे नव्या धाटणीचे ट्रान्झिस्टर आहेत, तो व्होल्ट अगदीच किरकोळ खातो. चाकं आता कमी पीडब्ल्यूएमवरही (वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवायची पद्धत) हलतात, आणि वळणावर तेच तर लागतं.

लगेच दुसरी भानगड निघाली. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, फुल चार्जवर हे माजतंय." बरोबरच होतं. फुल चार्जच्या ८.४ व्होल्टला बसवलेले पीडीचे आकडे (पी म्हणजे पट्टीपासून किती सरकलो त्यानुसार वळणं, डी म्हणजे ते सरकणं किती वेगानं बदलतंय त्यानुसार आवरणं) सेल उतरले की सुस्त पडतात, आणि उलट केलं की गाडी उधळते. मग १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून बॅटरीचा निम्मा व्होल्टेज अॅनालॉग पिनवर घेतला आणि त्या हिशेबानं पीडब्ल्यूएम कमी-जास्त केला. ते गुणोत्तर तिनं फळ्यावर स्वतः मांडलं. व्यस्त प्रमाण पुस्तकात आहेच, पण त्यानं गाडी ताळ्यावर येते हे तिथं कुठं दिसतं?

ट्रॅक म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सची पांढरी पाठ आणि काळी इन्सुलेशन टेप. (पुढारी उदंड, त्यामुळं कच्चा माल फुकट. काळ्या पाठीचा फ्लेक्स मात्र घेऊ नका.) दुपारी खिडकीतून ऊन आलं की सेन्सर भांबावायचे, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच. आता पाचही टीसीआरटी५००० सेन्सरांच्या (इन्फ्रारेड सोडून परत आलेला प्रकाश मोजणारे) एलईडी एका ट्रान्झिस्टरवरून चालू-बंद करतो. आधी बंद असताना वाचन, मग चालू असताना, आणि दोन्हींची वजाबाकी, म्हणजे उन्हाचा वाटा निघून जातो. शिवाय ऊन अडवायला सेन्सरांभोवती लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची झालर. दोन्हींत झालरीचा उपयोग जास्त झाला, असं माझं मत.

कोणत्या स्पर्धेत उतरायचं यावर बराच खल झाला. फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या रोबो स्पर्धेची रचना मला मनापासून आवडते: अडीच मिनिटांचा सामना, आणि रोबोइतकंच वजन मुलांच्या संशोधन प्रकल्पाला. पण रोबो लेगोच्याच भागांचा लागतो, आणि तो संच आमच्या शाळेच्या ऐपतीबाहेरचा. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून शाळेला प्रयोगशाळेसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण योजना सहावी ते बारावीसाठी. सातवीपर्यंतच्या आणि जागेची बोंब असलेल्या शाळेनं अर्ज तरी कशाच्या जोरावर करायचा? म्हणून सुटे भाग चालणारी स्पर्धा निवडली. रोबोकॉन या कॉलेजच्या मुलांच्या रोबो स्पर्धेचंही मला हेच भावतं, यंत्र संघानं स्वतः घडवायचं. २००८ साली पुण्यात तिची आशिया-पॅसिफिकची फेरी झाली तेव्हा विषय होता 'गोविंदा', म्हणजे सरळ दहीहंडी! आमच्या पोरांना हे सांगितल्यापासून रोबोवर रोबो चढवायचे बेत चालू आहेत.

कोडिंगचा सराव टिंकरकॅड या वेबसाइटवर होतो, घरच्यांचा फोन हातात पडेल तेव्हा. त्यात मुलींच्या हाती फोन शेवटी येतो, म्हणून शाळेतल्या एकुलत्या लॅपटॉपवर पहिला नंबर त्यांचा. मुलं कुरकुरली, पण नियम कायम आहे.

आता सरळ पट्टीवरचं डुलणं काढायचंय. डी वाढवला तर चाकं थरथरतात. मला संशय बीओ मोटरीच्या गिअरमधल्या ढिलाईचा आहे. एन२० या धातूच्या गिअरच्या लहान मोटरी लावून पाहायच्या म्हणतो. कुणी कमी गिअर-गुणोत्तराच्या वापरल्या असतील तर चाकाचा व्यास किती घेतलात तेवढं कळवा.